घरच्या पेरूंचा ढीग पडतो तेव्हा स्वयंपाकात या चुका टाळा

इंदूरमध्ये ज्या घराच्या मागच्या अंगणात पेरूचे एखादे जुने झाड आहे, त्या घरात थंडी सुरू झाली की रोज सकाळी एक टोपली भरते, आणि आठवडाभरात सगळ्या शेजाऱ्यांकडे पेरू पोचवून झाले की उरलेल्या टोपल्यांचे काय करावे हा खरा प्रश्न उभा राहतो. इथे बाजारात पेरूला जाम म्हणतात; लोकमान्यनगर किंवा राजेंद्रनगरातल्या मराठी घरांत भाजीवाल्याशी बोलताना जाम आणि ताटात वाढताना पेरू असे दोन्ही शब्द सहज चालतात. आमच्या अंगणातले झाड लखनौ-४९ जातीचे आहे. नाव लखनौचे असले तरी या जातीची निवड पुण्याच्या गणेशखिंड बागेत झाली, आणि महाराष्ट्रात ती सरदार या नावाने ओळखली जाते. या झाडाच्या फळांची भाजी, जेली, वडी आणि सरबत करताना जे जे बिघडले, त्यातल्या बहुतेक बिघाडांच्या मुळाशी एकच गोष्ट आढळली: टोपलीतले सगळे पेरू एकाच अवस्थेतले आहेत असे धरून स्वयंपाक सुरू केलेला असतो.

पेरू झाडावर पूर्ण पिवळा होण्याची वाट पाहण्यापासूनच चुकीला सुरुवात होते. पूर्ण वाढलेला पेरू तोडल्यावरही घरात पिकतो. गडद हिरवा रंग फिकट होऊन पोपटी झाला की तो देठासकट कात्रीने काढून घ्यावा, नाहीतर पोपट आणि वटवाघळे आपल्याआधी झाडावर पोचतात. काढलेली फळे लगेच तीन परड्यांत वेगळी करावीत. टणक, जवळजवळ बिनवासाची आणि सुरी लावताच करकर वाजणारी फळे पहिल्या परडीत, अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबणारी आणि वास सुटलेली दुसऱ्या परडीत, आणि पिवळीधमक मऊ फळे तिसऱ्या परडीत जातात. भाजी, लोणचे आणि जेलीचा बराचसा भाग पहिल्या परडीचा. कोशिंबीर आणि जीरावन (इंदूरकडचा कोरडा चटपटीत मसाला) भुरभुरून नुसत्या फोडी खाणे दुसरीचे. गर, वडी आणि सरबत तिसरीचे. मऊ पेरूची भाजी केली तर तिचा लगदा होतो, आणि टणक पेरूचे सरबत केले तर ते कितीही साखर घातली तरी तुरटच लागते. त्यामुळे पाककृती वाचण्याआधी परडी ठरवावी.

टोपलीच्या टोपली फ्रिजमध्ये ढकलणे ही दुसरी सर्रास होणारी चूक आहे. कच्चट पेरू फार गारठ्यात राहिला तर तो नीट पिकत नाही, सालीवर तपकिरी डाग पडतात आणि कापल्यावर आतला गरही काळवंडलेला दिसतो. टणक फळे बाहेर, हवेशीर जागी, एकावर एक न रचता ठेवावीत. पिकलेलीच तेवढी झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि तीन-चार दिवसांत संपवावीत. डबा उघडा राहिला तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाच्या दुधालाही पेरूचा वास येतो.

पावसाळी बहाराबद्दल थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. फळमाशी त्या दिवसांत सालीला टोचून आत अंडी घालते आणि बाहेरून धड दिसणाऱ्या पेरूत अळ्या निघतात, म्हणून पावसाळ्यातला प्रत्येक पेरू उभा कापून, आतून पाहूनच वापरावा. किडका पेरू झाडाखाली टाकून दिला की अळ्या मातीत कोष करतात आणि पुढच्या फळांवर पुन्हा माश्या येतात. तो खोल पुरावा किंवा घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून उन्हात ठेवावा. थंडीतल्या बहारात हा त्रास बराच कमी असतो आणि फळही अधिक गोड असते.

भाजीत मुख्य चूक पाण्याची आणि गुळाची होते. अर्धा किलो टणक पेरूंच्या मधला बियांचा गोळा चमच्याने काढून सालीसकट मोठ्या फोडी कराव्यात. तेलात मोहरी, जिरे, बडीशेप आणि हिंगाची फोडणी करून हळद, तिखट आणि धनेपूड घालावी, फोडी परतून मीठ आणि जेमतेम अर्धी वाटी पाणी घालावे आणि झाकण ठेवावे. पाच-सात मिनिटांत फोडीत सुरीचे टोक सहज शिरते. गूळ त्यानंतरच घालावा. गूळ आधी घातला तर फोडी दडदडीत राहतात, मग त्या शिजवण्यासाठी आणखी पाणी घातले जाते, आणि शेवटी रस पांचट आणि फोड कच्ची अशी भाजी पानात येते. आमच्या शेजारच्या माळवी काकू हीच भाजी करताना गुळाबरोबर थोडा आमचूर घालतात आणि बडीशेप दुप्पट घेतात. जाड पोळीबरोबर ती फार चांगली लागते. कोशिंबिरीत दही आणि मीठ अगदी वाढायच्या वेळी घालावे, कारण मिठाने पेरूला पाणी सुटते आणि अर्ध्या तासात दाण्याच्या कुटाचा चिखल होतो.

बियांसकट पेरू मिक्सरमध्ये फिरवणे ही चूक तर जवळपास प्रत्येकाकडून एकदा होतेच. बिया फुटून त्यांची कचकच गरात मिसळली की ती कोणत्याही चाळणीने पूर्ण निघत नाही. फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजवून पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून फिरवल्या तर गर खाली येतो आणि बिया वर अख्ख्या राहतात. पुरणपोळीखेरीज या यंत्राचा इतका चांगला उपयोग दुसरा नसेल. तरीही सालीजवळच्या गरात रव्यासारखे कण लागतात. ते बियांचे तुकडे नसून गरातल्याच कठीण भिंतींच्या पेशी असतात, आणि नासपातीत जे रवाळ लागते तेही याच प्रकारचे असते. सरबतासाठी गर आणखी एकदा बारीक गाळणीतून काढावा. वडीत ते कण खुपत नाहीत.

भांड्याकडेही लक्ष द्यावे. लोखंडी कढईत पेरूतला तुरट अंश लोखंडाशी मिळून गर काळा पडतो, आणि कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ शिजवणे योग्य नाही. जाड बुडाचे स्टीलचे भांडे सर्वांत बरे. पेरूचा गर आंबट असल्यामुळेच उकळत्या दुधात घातला की दूध फाटते. पेरूची रबडी करायची असेल तर गर साखरेबरोबर वेगळा आटवून पूर्ण गार करावा, रबडीही गार करावी, आणि वाढण्याआधी दोन्ही एकत्र करावे.

जेलीबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण जास्तीत जास्त पेरू आणि साखर तिथेच वाया जाते. मागच्या वर्षी तीन किलो मऊ पेरू एकदम संपतील म्हणून मी त्यांची जेली करायला घेतली. रस दोन तास उकळत राहिला, रंग गडद होत गेला, घरभर जळत्या साखरेचा वास सुटला, आणि हाती लागला तो मधासारखा ओघळणारा काळपट पाक. जेली गोठते ती पेक्टिन या फळातल्या नैसर्गिक घटकामुळे, आणि पेरू जसजसा पिकून मऊ होतो तसतसे त्याचे पेक्टिन जेली गोठवण्याच्या कामाचे राहत नाही. म्हणून तीन भाग टणक फळे आणि वासासाठी एक भाग पिकलेली असे प्रमाण घ्यावे. फोडी साल आणि बियांसकट, जेमतेम बुडतील इतक्याच पाण्यात अर्धा तास मंद शिजवाव्यात आणि मलमलच्या फडक्यात बांधून चार-पाच तास टांगून ठेवाव्यात. पुरचुंडी पिळण्याचा मोह आवरावा; पिळलेल्या रसाची जेली गढूळ होते. निथळलेल्या एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस पुरतो, आणि एका वेळी चार वाट्यांहून जास्त रस उकळू नये, कारण मोठा घाणा आटायला वेळ लागतो आणि दीर्घ उकळीत पेक्टिन दुबळे होते.

रस तयार झाला हे ओळखताना आपल्या हाताला पाकाच्या तारेची सवय असते, आणि तीच इथे फसवते. पेक्टिनमुळे रस आधीच चिकट असतो, त्यामुळे तार दिसली तरी जेली तयार असतेच असे नाही. त्याऐवजी फ्रीजरमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाकावा आणि मिनिटभराने बोटाने ढकलावा. पृष्ठभागावर सुरकुती पडली की झाले. ही परीक्षा चालू असताना गॅस बंद ठेवावा, कारण तेवढ्या वेळात जेली पुढे जाते. थर्मामीटर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुस्तकांत दिलेले १०४-१०५ अंश सेल्सिअस हे तापमान समुद्रसपाटीचे असते. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते, आणि जेली १०३ अंशांच्या सुमारास तयार होते. इथे १०५ अंशांची वाट पाहिली तर जेली चामट होते.

बाटलीत भरलेली जेली पातळ वाटली तर दोन दिवस तिला हलवू नये. कधी कधी ती सावकाश गोठते. तरीही पातळच राहिली तर टणक पेरूंचा ताजा रस आणि थोडे लिंबू घालून पुन्हा थोडी उकळावी. फार घट्ट झाली असेल तर गरम पाण्यात सैल करून पोळीला लावायला वापरावी. पांढऱ्या गराच्या पेरूची जेली उकळताना तांबूस होते, तो दोष नव्हे.

मऊ पेरूंची खरी जागा वडीत आहे. गोव्यात नाताळला करतात ती पेराद हीच. एक वाटी गराला पाऊण वाटी साखर घालून, गोळा कडा सोडून चमच्याभोवती फिरू लागेपर्यंत आटवावे. कंटाळून आधी थांबले तर चौथ्या दिवशी वडीवर बुरशी येते. गर उडून हात भाजतो, म्हणून लांब दांड्याचा उलथणा घ्यावा.

एवढे करूनही गर उरला तर तो साखर न घालता फ्रीजरमध्ये ठेवावा. डबे काठोकाठ भरू नयेत, कारण गोठताना गर फुगतो, आणि एका वेळी लागेल तेवढाच गर एका डब्यात भरावा, कारण एकदा सैल झालेला गर पुन्हा गोठवला की त्याचा वास जातो. वैशाखात रात्री डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाटी गराला तीन वाट्या गार पाणी, चवीपुरती साखर, काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर लाल तिखट घालून सरबत करावे.