दोघंच निघालात ऑक्टोबरफेस्टला? मग ही तयारी करा

ऑक्टोबरफेस्ट म्हणजे जर्मनीत म्युनिकला भरणारी बिअरची जत्रा. तिथल्या मंडपांत टेबलं असतात आठ-दहा जणांची. त्यांभोवती कंपू बसले की टोकाला दोन जागा हमखास उरतात, आणि त्या फक्त दोघांनाच मिळतात. सहा जणांचा ग्रुप दाराशी ताटकळत असतो, तेवढ्यात दोघं जण ‘इथे कोणी आहे का?’ विचारून बसूनही जातात. म्हणून मित्राबरोबर दोघंच जाणार असाल तर अर्धी तयारी आपोआप झाली असं समजा. उरलेली अर्धी मात्र घरूनच करून निघायची आहे.

पहिलं काम तारखेचं. पंधरा सप्टेंबरनंतरच्या पहिल्या शनिवारी जत्रा सुरू होते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास संपते. 2026 साली ती 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर आहे. पंचांग उघडून ठेवा, कारण यंदा पहिला आठवडा गणपतीतच येतोय आणि अनंत चतुर्दशी संपली की लगेच पितृपक्ष. घरी दहा दिवसांचा गणपती असेल तर निघण्याची तारीख आईशी बोलून ठरवा, मित्राशी नंतर बोललात तरी चालेल. पितृपक्षात काय खायचं-प्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता या सोळा दिवसांतले कुठले निवडायचे? माझं मत स्पष्ट आहे: सोमवार ते गुरुवार, आणि तेही सकाळी. पहिल्या शनिवारी दुपारी 12 वाजता शॉटनहामेल मंडपात म्युनिकचे महापौर पहिलं पिंप फोडतात. 1950 पासूनची ही प्रथा आहे आणि त्याआधी कुठेही बिअर मिळत नाही. पोरं सकाळी दारं उघडल्यापासून धावत जाऊन बाकं पकडतात आणि कोरड्या घशाने तीन तास बसून राहतात. हे टीव्हीवर बघायला छान वाटतं. मधल्या शनिवार-रविवारी इटलीहून इतके लोक येतात की त्याला ‘इटालियन वीकएंड’च म्हणतात. तोही टाळा. मंगळवारी पाळण्यांचे दर कमी असतात, म्हणून पोराबाळांची गर्दी होते, पण ती दिवसा. तुम्हाला तिचा त्रास नाही.

आरक्षणाच्या मागे लागू नका. मैदानात शिरायला तिकीट नाही, मंडपात शिरायलाही नाही. आरक्षण अख्ख्या टेबलाचं असतं आणि त्याबरोबर माणशी दोन मग बिअर नि अर्ध्या कोंबडीची कुपनं आधीच विकत घ्यावी लागतात. दोघांनी दहा जणांची कुपनं घेऊन करायचं काय? त्याहून वाईट म्हणजे इंटरनेटवर तिसराच कोणीतरी शेकडो युरोंना विकत असलेलं आरक्षण. अशी हातोहात विकलेली आरक्षणं मंडपवाले मानत नाहीत. प्रत्येक मोठ्या मंडपात काही बाकं बिनआरक्षित ठेवावीच लागतात. कामाच्या दिवशी सकाळी 10 वाजता बिअर सुरू होते, तेव्हा किंवा जेवणाच्या आधी पोचलात की जागा मिळते. एक लक्षात ठेवा, बसल्याशिवाय बिअर मिळत नाही. उभ्याने पिण्याची मोठी जागा एकट्या होफब्रॉयच्या मंडपात असते, आणि तिथे जगभरचे पर्यटक असतात.

व्हिसाचं काम उन्हाळ्यातच काढा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरचा प्रवास असेल तर जूनच्या पुढे थांबू नका, कारण खरी टंचाई भेटीच्या वेळांची असते. प्रौढांना 90 युरो फी आहे आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो काढताना दारूच्या नशेत झालेल्या दुखापतीबद्दलचं कलम दोघांनीही वाचा. कंटाळवाणं आहे, तरी वाचा.

राहण्याची सोय व्हिसाच्याही आधी. या दिवसांत म्युनिकमधल्या खोल्यांचे दर दुप्पट-तिप्पट होतात. पैसे वाचवायचे असतील तर आउग्सबुर्गला राहा, साध्या गाडीने पाऊणएक तास लागतो. दोघांत एक बायर्न-तिकीट (बव्हेरिया राज्यात साध्या गाड्यांना चालणारा दिवसाचा पास) काढा. कामाच्या दिवशी ते सकाळी 9 पासून चालतं आणि रात्री तीनपर्यंत, म्हणजे परतीचीही सोय झाली. मात्र शेवटच्या गाडीची वेळ आधीच लिहून ठेवा. तीन मग झाल्यावर जर्मन वेळापत्रक वाचता येतं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शहरातच राहणार असाल तर दोघांत एक गट-दिवसपास स्वस्त पडतो. कागदी तिकीट घेतलंत तर त्यावर यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तपासनीस 60 युरो दंड घेतो आणि पर्यटक आहोत म्हटलं तरी ऐकत नाही. थेरेझियनवीज स्टेशन मैदानाच्या तोंडाशी आहे, पण संध्याकाळी तिथे मुंबईच्या लोकलसारखी गर्दी असते. हाकरब्र्युकेला उतरा किंवा मुख्य स्टेशनवरून सरळ चालत जा, पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे आणि चुकायचा प्रश्नच नाही, चामड्याच्या चड्ड्यांच्या मागे मागे जायचं.

त्या चड्डीचं काय? घ्यावी की नाही? खऱ्या चामड्याची चांगली लेडरहोझं दोनशे युरोंच्या पुढे जाते. स्टेशनजवळ मिळणारी स्वस्त नकली पाहून म्युनिककर तोंडावर काही बोलत नाहीत, एवढंच. चौकड्यांचा शर्ट आणि जीन्स घातली तरी कोणी अडवत नाही. मैत्रीण असेल आणि डिर्नडल (तिथला बायकांचा पारंपरिक पोशाख) घालणार असेल तर एप्रनची गाठ कुठे बांधायची ते ठरवून घ्यावं: तिच्या डाव्या बाजूला म्हणजे मोकळी, उजव्या बाजूला म्हणजे ठरलेली, असा तिथला संकेत. सगळेच तो पाळतात असं नाही, पण बाकावरच्या शेजाऱ्याचं लक्ष असतं. बूट मात्र दोघांचेही बंद हवेत. रात्री जमिनीवर काचांचे तुकडे पडलेले असतात, सँडल अजिबात नको. सप्टेंबरअखेरीला सकाळी आठ-दहा अंश असतं, मंडपात घाम आणि बाहेर पाऊस. पातळ जाकीट, कंबरेला बांधता येईल असं.

पिशवीचा नियम सक्त आहे: तीन लिटरपेक्षा मोठी किंवा 20 बाय 15 बाय 10 सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. पाठीवरची सॅक हॉटेलवरच ठेवा. काचेची बाटली, स्प्रे, चाकू हेही नाही, आणि स्प्रेमध्ये अंगाला मारायचा डिओही येतो. खिशात ठेवायचं ते एवढंच: रोख रक्कम, एक कार्ड, फोन, छोटी पॉवरबँक, नेहमीच्या गोळ्या, आणि कागदाच्या चिठ्ठीवर हॉटेलचा पत्ता. हो, कागदाच्या. फोन बंद पडल्यावर टॅक्सीवाल्याला दाखवायला.

रोख किती? 2025 साली एक लिटरचा मग मंडपाप्रमाणे साडेचौदा ते 15.80 युरोंना होता, म्हणजे आपले दीड हजार रुपये. दरवर्षी थोडा चढतोच. त्यात अर्धी कोंबडी, एखादा पाळणा आणि बक्षिसी धरली तर माणशी शंभर युरो लहान नोटांत हवेत. कार्ड काही ठिकाणी चालतं, पण त्या गोंधळात नोट जास्त लवकर चालते. भरलेला मग टेबलावर येतो तेव्हाच पैसे द्यायचे आणि वरचे एक-दोन युरो ठेवून द्यायचे. दहा-बारा भरलेले मग छातीशी कवटाळून गर्दीतून वाट काढत येणारी बाई पाहिलीत की ते देताना हात आखडत नाही. नुसता रिकामा मगच सव्वा किलोच्या पुढचा असतो. पुढच्या फेरीला तीच तुम्हाला शोधत येते, ते वेगळंच.

आता मुख्य हिशेब, तो निघण्याआधी मित्राबरोबर कागदावर मांडा. इथली बिअर फक्त म्युनिकच्या सहा दारूभट्ट्यांची असते (आउगुस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, ल्योवेनब्रॉय, पाउलानर, श्पाटेन) आणि जत्रेसाठी मुद्दाम जरा तीव्र, सहा टक्क्यांच्या आसपास काढलेली. एक लिटरचा मग, ज्याला तिथे ‘मास’ म्हणतात, म्हणजे व्हिस्कीचे सव्वादोन लार्ज पेग. दुसऱ्या मापाने बोलायचं तर 650 मिलीच्या दोन माइल्ड बाटल्यांना थोडंसंच कमी. ती गोडसर असते, गार असते, वर बँड वाजत असतो, आणि दर थोड्या वेळाने ‘आइन प्रोझिट’ हे चिअर्सचं गाणं सुरू झालं की सगळा मंडप मग उंचावतो, तुम्हीही उंचावता. आपली रोजची क्षमता ‘चार बिअर’ असेल तर इथे ती दोन समजा. मधे राडलर घ्या, म्हणजे अर्धी बिअर आणि अर्धं लिंबू सरबत. बिनदारूची बिअर तशाच मगात मिळते, कोणाला कळतही नाही. चिअर्स करताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, मगाचा तळ तळावर आपटायचा. मगावर लिटरची रेघ असते. फेस बसल्यावर बिअर बरीच खाली राहिली तर भरून मागायला लाजू नका.

मित्रांपैकी एक पिणारा आणि एक न पिणारा असेल, तर ते आधीच मोकळेपणाने ठरलेलं असावं. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हटलं की न पिणाऱ्याची दिवसभर हमाली होते. त्याच्यासाठी दुपारनंतरचा वेळ बाहेरचा ठेवा: मैदानालगतच्या ‘बव्हेरिया’ नावाच्या ब्राँझच्या पुतळ्यात शिरून आतल्या जिन्याने डोक्यापर्यंत चढता येतं, 1850 सालचा आहे तो, वरून सगळी जत्रा दिसते. ओइडे वीझन नावाचा जुन्या धाटणीचा भागही ज्या वर्षी असेल त्या वर्षी सोडू नका. थोडं प्रवेशमूल्य आहे, पण जुने पाळणे, शांत बँड आणि म्युनिकची खरी कुटुंबं तिथेच भेटतात. टॉयफेल्सराड म्हणजे फिरत्या लाकडी तबकडीवरून माणसं घरंगळताना बघत बसायचा खेळ. तासभर हसू येतं.

मंडप निवडताना फार काथ्याकूट नको. मला आउगुस्टिनर आवडतो, कारण तिथे सगळी बिअर लाकडी पिंपातूनच काढतात, आणि माणसंही जरा निवांत. हाकरचं छत आभाळासारखं रंगवलंय, फोटोसाठी तिथे जा. ल्योवेनब्रॉयच्या दारावरचा सिंह मग तोंडाला लावतो आणि गुरगुरतो, तो बघून पुढे सरका. संध्याकाळी 6 पर्यंत पितळी वाद्यांचा बेताचा बँड असतो, त्यानंतर आवाज चढतो आणि सगळे बाकांवर उभे राहतात. बाकावर उभं राहिलेलं चालतं, टेबलावर चढलात तर बाहेर काढतात. मंडपात सिगारेट ओढायला बंदी आहे.

खाण्याचा विषय शाकाहारी मित्रासाठी नीट वाचा. खाता येईल असं पुष्कळ आहे: ताटाएवढी ब्रेत्सन (पीळ घातलेला खारट पाव), कॅमांबेर चीज-लोणी-कांदा-पापरिका एकत्र मळलेला ओबात्सदा, केझश्पेट्सले म्हणजे चीजमध्ये घोळलेल्या पिठाच्या जाडसर शेवया, आणि मीठ लावलेला मुळा, एका लांब चक्रीत कापलेला, आपल्या घरच्यासारखाच झणझणीत. फसवतात ते बटाट्याचं सॅलड आणि साउअरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी. बव्हेरियात बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुधा मांसाचा रस्सा असतो आणि क्राउटमध्ये डुकराच्या चरबीचे तुकडे. विचारून घ्या. गोमांस वर्ज्य असेल तर ओक्सनब्राटराय मंडपापासून लांब राहा, तिथे आख्खा बैल शिगेवर भाजतात आणि त्याचं नाव आणि वजन फळीवर लिहितात. मासे खाणाऱ्यांनी काठीवर भाजलेला बांगडा, म्हणजे श्टेकरलफिश, फिशर-व्रोनी मंडपात जरूर खावा. कोकणातल्या माणसाला दोन घासांत घर आठवतं, फक्त लिंबू कमी पडतं. बिअर सुरू करण्याआधी पोटभर खा, ‘आधी एक मग’ नको.

भेटायची जागा ठरवा, फोनवर विसंबू नका. हजारोंच्या गर्दीत नेटवर्क रडतं. पुतळ्याच्या पायऱ्या सगळ्यांनाच सुचतात म्हणून तिथेच सगळे एकमेकांना शोधत असतात. त्यापेक्षा एखाद्या पाळण्याचं तिकीटघर आणि ठरलेली वेळ, म्हणजे ‘चुकलो तर तासाच्या ठोक्याला’, एवढं पुरतं. पुतळ्याजवळच्या उतारावर अंधार पडल्यावर बसायला जाऊ नका. तिथे काय सांडलेलं असतं ते विचारू नका. एकटी पडलेल्या किंवा घाबरलेल्या मुलींसाठी शॉटनहामेलच्या मागच्या सेवा केंद्रात ‘सुरक्षित जागा’ आहे, तिथे मदतीला महिला कर्मचारी असतात.

बिअरचा मग घरी आणायची हौस असेल तर दुकानातून पावतीसह घ्या. दरवर्षी लाखाच्या आगेमागे मग दारावरचे पहारेकरी पाहुण्यांच्या पिशव्यांतून परत काढून घेतात. ती चोरीच मानली जाते, गंमत नव्हे. भाड्याच्या ई-स्कूटरवर तर मित्रालाही बसू देऊ नका. जर्मनीत तिला मोटारीसारखेच दारूचे नियम लागतात, पन्नास मीटरच्या फेरीतही पोलीस पकडतात.

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून पाणी, फळं आणि डोकेदुखीची गोळी शनिवारीच आणून ठेवा. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं घेऊ नका, दुपारनंतरचं घ्या. आणि खोलीवर आल्यावर पाकीट नसल्याचं लक्षात आलं तर कार्ड आधी बंद करा, मग दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात जा. तिथे कवळ्या आणि लग्नाच्या अंगठ्याही जमा होतात, पाकीट मिळण्याची शक्यता तशी बरीच आहे.