आमच्या बांधाच्या पायथ्याशी आलेलं गढूळ पाणी

मुळशीत आमच्या शेतावर वडिलांनी घातलेला छोटा मातीचा बांध आहे. मुलं तिथे पोहतात, होडी चालवतात. गेल्या पावसाळ्यात पायथ्याशी पाझर दिसला. थोडा नितळ पाझर मातीच्या बांधाला असतोच, पण हा गढूळ होता. म्हणजे आतली माती पाण्याबरोबर वाहून चालली होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आजी शनिवार पेठेत राहायची. तिने सांगितलेलं सगळं त्या रात्री आठवत राहिलं.

आधी खालच्या वस्तीला कळवलं. मग पंप लावून पाणी हळूहळू उतरवलं, कारण घाई केली तर बांधाच्या पाण्याकडच्या उताराची ओली माती घसरते. पाझरावर चिखल थापायचा मोह होतो, तो कृपा करून टाळा. कोंडलेलं पाणी दुसरीकडून फुटतं. आम्ही आधी वाळू, त्यावर खडी, त्यावर दगड असे थर दिले. पाणी येत राहिलं, पण नितळ! सांडव्यातला, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेतला गाळ, झुडपंही काढली. बांधावरचं मोठं झाड मात्र इंजिनिअरना दाखवूनच काढणार आहोत. त्याची मुळं आत कुजली की पाण्याला आयती वाट मिळते.