सोलापुरात कार न घेता रोज सायकलने कामाला जायचं असेल तर

कुणी विचारलं की सायकल कुठली घेऊ, की मी आधी विचारतो घर कुठं आणि काम कुठं. कारण आपल्या गावात सायकलची मजा रस्ता कुठला धरला त्यावर ठरते, सायकल किती हजाराची त्यावर नाही. गाव बऱ्यापैकी सपाट आहे, जुळे सोलापुरातून सात रस्ता चौकाला अगदी आरामात गेलं तरी अर्ध्या तासाच्या आत पोचतो माणूस. आणि तेवढ्यासाठी कारचा हप्ता, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, लिटरला 100 च्या वर गेलेलं पेट्रोल आणि वर नवी पेठेत पार्किंग शोधत फिरायचं, हे मला खरंच पटत नाही.

तर रस्ता. बहुतेक जण काय करतात, टू-व्हीलरने ज्या रस्त्याने जायचे त्याच रस्त्याने सायकल घेऊन जातात, चार दिवस ट्रकचा धूर खातात आणि सोडून देतात. विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड हे फक्त ओलांडायचे रस्ते समजा, किंवा पर्यायच नसेल तेवढाच तुकडा त्यावरनं जायचं, बाकीचं सगळं आतल्या कॉलन्यांमधून. एका रविवारी सकाळी घाई नसताना निघा आणि दोन-तीन वाटा चालवून बघा, कुठं स्पीडब्रेकर जास्त आहेत, कुठली गल्ली पुढं बंद होते, कुठं सावली आहे, कुठं कुत्री अंगावर येतात, हे सगळं चालवल्याशिवाय कळत नाही, मोबाईलच्या नकाशात तर अजिबात दिसत नाही. एखादा किलोमीटर जास्त पडला तरी चालेल. रेल्वे लाईन्सकडची सावली, कंबर तलावाची बाजू, सिद्धेश्वर तलाव आणि किल्ल्याच्या बाजूचा पट्टा, असं काहीतरी रोजच्या वाटेत येईल असं बघा, सकाळी तलावावरचा गार वारा तोंडावर घेत कामाला जाणं काय असतं ते कारची काच बंद करून जाणाऱ्याला कसं कळणार. येतानाची वाट वेगळी ठेवा, संध्याकाळी मधला मारुती, टिळक चौक भागात एवढी गर्दी असते की सायकल हातात धरून चालावं लागतं, त्यामुळं तिकडून जायचंच असेल तर सकाळी जाऊन या.

आता ऊन. सोलापुरात सायकल म्हटलं की लोक पहिलं हेच बोलतात आणि बरोबरच आहे, एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो ते काय खोटं नाही. पण दुपारी बारा ते चार सायकल काढायचीच नाही हा नियम एकदा मनाशी पक्का केला की निम्मा प्रश्न संपतो. सकाळी साडेसात-आठला निघा, दहाचं ऑफिस असलं तरी नऊपर्यंत निघाच, संध्याकाळी सहा वाजल्याशिवाय परत फिरू नका. डोक्याला आणि कानाला पांढरा सुती पंचा किंवा आपलाच सोलापुरी टॉवेल, पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, आणि निघायच्या आधी पाणी, तहान लागल्यावर नाही. पोचल्यावर लिंबूपाणी नाहीतर ताक, मीठ घालून. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्पीड कमी ठेवा, ताशी 12-15 किलोमीटरने गेलं की अंगाला वारा लागतो आणि घामही कमी येतो, रेस लावली की मग भिजणारच. चक्कर आली, डोकं दुखायला लागलं, अंगावर काटा आला तर तिथंच सावलीत थांबा आणि सायकल रिक्षात टाकून घरी जा, त्यात कमीपणा काही नाही.

पावसाचा त्रास तुलनेने कमी, आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरात. जून-जुलैत मात्र पश्चिमेचा वारा जोरात असतो, म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतनं संध्याकाळी गावात परत येताना वारा तोंडावरच येतो, तेव्हा दहा मिनिटं जास्त धरून चाला आणि वाऱ्याशी भांडू नका. कच्च्या रस्त्यावरच्या काळ्या मातीत पावसानंतर सायकल घालू नका, ती मडगार्डमध्ये अशी चिकटते की चाक फिरत नाही.

सायकलचं आता. साधी, विनागिअरची किंवा फार तर सात गिअरची, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड आणि मोठ्या आवाजाची घंटी असलेली. स्वस्तातली शॉकअपवाली जाड टायरची घेऊ नका, जड असते आणि पायातला निम्मा जोर स्प्रिंगमध्येच जातो. जुनी काळी चोवीस इंची घरात पडून असेल तर तीच ओव्हरहॉल करून घ्या. सीट खूप जण खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलला नावं ठेवतात. टाच पायडलवर ठेवल्यावर खालच्या बाजूला पाय सरळ झाला पाहिजे, तेवढी उंची करा. हवा आठवड्यातून एकदा, टायरवर आकडा लिहिलेला असतो तेवढीच. चेनला शिलाई मशीनचं तेल चालतं, घालून झालं की फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर धूळ बसते.

पंक्चर होणारच, रिकाम्या प्लॉटमध्ये सगळीकडं वेडी बाभूळ आहे. पंक्चर काढताना टायरच्या आतून फडकं फिरवून काटा निघाला का ते स्वतः बघा, काटा आतच राहिला की दुसऱ्या दिवशी परत तेच. मिस्त्रीला सांगून जुनी ट्यूब उभी कापून टायर आणि ट्यूबच्या मध्ये पट्टी घालून घेतली की काटे बऱ्यापैकी थांबतात, थोडी जड होते सायकल पण रोज पंक्चरवाल्याकडं बसण्यापेक्षा परवडतं.

गर्दीत चालवताना रस्त्याच्या अगदी कडेला घासून जाऊ नका, दोन-तीन फूट सोडून चाला, कडेला खडी असते आणि उभ्या गाडीचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. ट्रकच्या नाहीतर एसटीच्या डाव्या बाजूनं घुसायचं नाही, कधीच नाही, ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. वळताना हात दाखवा. मागं लाल दिवा लावाच, शंभर-दोनशे रुपयात येतो. रात्री कुत्री मागं लागली तर पळवू नका सायकल, उतरा आणि कुत्री आणि आपल्या मध्ये सायकल धरून हळूहळू चाला.

ऑफिसात एक शर्ट, नॅपकिन, कंगवा सोमवारीच नेऊन ठेवा आणि दहा मिनिटं आधी पोचा. "काय बे, गाडी विकलास का" असं विचारणारे भेटतील, सरळ सांगायचं की मला आवडतं म्हणून चालवायलोय. घरच्यांना घेऊन तुळजापूरला, अक्कलकोटला जायचं असेल, लग्नकार्य असेल, कुणी आजारी असेल तर भाड्याची गाडी करा, एसटी आहे, रेल्वे आहे, वर्षभराचा हिशेब मांडून बघा, हप्त्यापेक्षा नक्की कमी येतो. दवाखान्याच्या वेळेसाठी ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर मात्र घरात सगळ्यांकडं असू द्या.

कुलूप दोन लावा, एक चाकाचं आणि एक साखळीचं, साखळी खांबाला आणि फ्रेमला मिळून. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदान, पार्क चौक भागात सायकल नेऊच नका, लांब कुठंतरी ओळखीच्या दुकानासमोर लावा आणि पुढं चालत जा.