फेरेटचं ऑपरेशन झालंय? आधी पिंजरा एकमजली करा

आमच्या फेरेटला (मुंगसासारखा लांबट, छोटा पाळीव प्राणी) टाके घालून घरी आणलं त्याच संध्याकाळी गडी पिंजऱ्यातल्या झोळीत चढायला निघाला, म्हणून सांगतोय, झोळी, शिड्या, बोगदे सगळं काढून टाका, दहा-चौदा दिवस किंवा डॉक्टर म्हणतील तोवर सपाट पिंजराच बरा. टाके चाटू नयेत म्हणून घालतात ती गळ्यातली कॉलर याला टिकत नाही, मान डोक्याएवढीच जाड, सुर्रकन निघते, त्यामुळं टाक्यांवर नजर आपल्यालाच ठेवायला लागते. खाली भुसा किंवा लिटरचे (शी-शूच्या ट्रेमध्ये टाकतात ते) दाणे नकोत, जखमेला चिकटतात. आपला सोलापुरी टॉवेल आहे की, पण जुना, धुऊन मऊ झालेला घ्या, नव्याच्या धाग्यांत नखं अडकतात. पांढरा असला तर रक्ताचा ठिपका लगेच दिसतो.

खाणं महत्त्वाचं. याचं पोट तीन-चार तासांत रिकामं होतं, उपाशी ठेवू नका, चिकन नुसतं पाण्यात उकडून (मीठ, कांदा, लसूण काही नाही) मिक्सरला पातळ करायचं न् कोमट असताना बोटावर घेऊन चाटवायचं. दूध-बिस्कीट अजिबात नको. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर बिलकूल देऊ नका, जीव जाईल त्याचा.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, याला सत्तावीस-अठ्ठावीसच्या वरच त्रास सुरू होतो, तेव्हा एसीची खोली त्याला द्या, आपण हॉलमध्ये झोपू. जखम सुजली, पाणी आलं किंवा खाणंच सोडलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावा.