लॉटरीचं नाव आणि बोधचिन्ह कसं जपायचं

ठाणे स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर गिऱ्हाईक तिकीट उलटसुलट बघत नाही. ओळखीचं चिन्ह दिसलं की खिशात टाकतं. ठगाला तेवढंच पुरतं.

1998 च्या लॉटरी कायद्याच्या कलम 4 प्रमाणे तिकिटावर राज्याचा ठसा आणि बोधचिन्ह लागतं, तेही अस्सलपणा पटेल अशा रीतीने. म्हणून बोधचिन्हाची जागा, आकार, रंग कायम ठेवा. दिवाळी बंपरला चित्र हवं ते बदला, चिन्ह नको. दर सोडतीला ते वेगळं दिसलं तर खोटं ओळखायचं कशावरून?

ट्रेडमार्कसाठी नाव आणि चिन्ह यांचे अर्ज वेगळे करा. वर्ग 41 लॉटरी चालवण्यासाठी, 16 छापील तिकिटांसाठी. ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला 9,000 रुपये, म्हणजे दोन अर्ज, दोन वर्ग मिळून एकूण 36,000. राजमुद्रा मात्र अर्जातल्या चिन्हातून वगळा. तिला 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्याचं संरक्षण आहे. नोंदणी दहा वर्षांची. नवे अर्ज जिथे छापले जातात ते ट्रेडमार्क जर्नल मात्र दर आठवड्याला चाळा. मिळतंजुळतं नाव छापून आलं की हरकतीला चारच महिने मिळतात, मुदतवाढ नाही.

स्टॉलवरची खरी डोकेदुखी छोट्या बक्षिसांची. 3 चा 8 केलेलं तिकीट गर्दीच्या वेळी सहज खपतं, कारण विक्रेता रोख लगेच मोजून देतो. विक्रेत्यांना दहापट भिंग द्या. खोडलेल्या आकड्याखाली कागदाचे तंतू उठलेले दिसतात, उजेडासमोर तेवढी जागा पातळ भासते. बारकोड असेल तर तो जुळवल्याशिवाय पैसे नकोत. नुसत्या होलोग्रामवर विसंबू नका. तिकीट अस्सलच असतं, आकडा तेवढा बदललेला.

व्हॉट्सॲपवर ‘बक्षीस लागलंय, आधी कर भरा’ असा निरोप फिरतो. खऱ्या लॉटरीत कर बक्षिसातूनच कापला जातो. हे वाक्य तिकिटाच्या पाठीवर ठळक छापा. इंटरनेटवर लॉटरीच्या नावाचं बनावट पान सापडलं की आधी पत्ता, वेळ, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग सायबर पोलिसांकडे तक्रार, आणि त्यानंतर ते पान ज्या कंपनीच्या साइटवर आहे तिच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा. क्रम उलटला तर पान उडतं आणि पुरावाही. कुणाचे पैसे गेले असतील तर त्याने लगेच 1930 ला फोन करावा.

छपाईतले बाद ताव रद्दीत जाऊ देऊ नका, मोजून फाडा. न विकलेली तिकिटं सोडतीआधी परत घेऊन, क्रमांक टिपून, भोक पाडून रद्द करा.