पहिला पुशअप निघत नाही? या चुका टाळा

सोलापुरात नवी पेठेतलं दुकान रात्री उशिरा बंद होतं, एमआयडीसीतली शिफ्ट सकाळी लवकर लागते, मधल्या वेळेत पोरांचा अभ्यास आणि घरची कामं. अशा माणसाच्या डोक्यात व्यायामाचं खूळ शिरलं की तो थेट फरशीवर पालथा पडतो. दोन पुशअप वाकडेतिकडे काढतो, दुसऱ्या दिवशी हात वर होत नाहीत आणि आठवड्याभरात विषय संपतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "वेळच मिळत नाही ओ." वेळेची अडचण खरी असते, पण बहुतेकांचं गाडं अडतं ते चुकीच्या उंचीवरून सुरुवात केल्यामुळे.

फरशीवरून सुरुवात

पूर्ण पुशअपमध्ये शरीराच्या वजनापैकी सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो. वजन ७५ किलो असेल तर ४८ किलो. वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला हे झेपणार कसं? तेच हात एक फूट उंचीवर टेकवले की भार ५५ टक्क्यांच्या आसपास येतो आणि दोन फुटांवर साधारण ४१ टक्के, म्हणजे ३१ किलो. फरक लहान नाही.

म्हणून आधी भिंत, मग स्वयंपाकाचा ओटा, मग भिंतीला टेकवलेला दिवाण, मग जिन्याची पायरी आणि शेवटी फरशी. ज्या उंचीवर आठ-दहा स्वच्छ निघतात, तिथून सुरू करा. बारा-बाराचे तीन सेट आरामात निघाले की एक टप्पा खाली या. ओट्याची कड आधी कोरडी पुसून घ्या. प्लास्टिकच्या खुर्चीवर मात्र अजिबात करू नका, ती सरकते. "काय बे, ओट्यावर पुशअप?" असं मित्र हसतील. हसू द्या.

गुडघे टेकवून केले तर? भार ४९ टक्क्यांवर येतो, त्यामुळे वाईट काही नाही. पण डोक्यापासून टाचेपर्यंत अंग सरळ धरण्याची सवय त्यात लागत नाही आणि तिथून थेट ६४ टक्क्यांवर उडी मारावी लागते. माझं मत ओट्याच्या बाजूने.

रोज दम निघेपर्यंत

सोलापुरात तालमी भरपूर, त्यामुळे जोर-बैठकांचे मोठमोठे आकडे लहानपणापासून कानावर पडलेले असतात. ते आकडे वर्षांच्या मेहनतीचे असतात. शिवाय जोर म्हणजे पुशअप नव्हे: जोर मारताना कंबर वर उचलून अंग घुसवत पुढे न्यायचं असतं, खांदे आणि पाठ वेगळ्याच ताणाखाली येतात. नवख्याने दोन्हींची खिचडी करू नये.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा ताळमेळ सुधारल्यामुळे. स्नायू फुगायला वेळ लागतो. थकलेल्या हातांनी चुकीचे पन्नास काढण्यापेक्षा ताज्या हातांनी बरोबर सहा काढलेले बरे, ते यामुळेच. आणखी दोन-तीन निघतील एवढा दम शिल्लक असतानाच थांबा.

कामाच्या माणसाला हे सोयीचंही पडतं. चहाचं आधण ठेवलं की ओट्यावर सहा, जेवायला घरी आलात तर हात धुण्याआधी सहा, रात्री झोपण्यापूर्वी सहा. अठरा झाले, आणि वेगळा तास काढावा लागला नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस पुरे.

कुठे दुखतं त्यावरून चूक ओळखा

खांदा पुढून दुखत असेल तर बहुधा कोपरं काटकोनात बाहेर जातात. ती अंगापासून साधारण ४५ अंशांवर ठेवा. कंबर दुखत असेल तर पोट ढिलं पडून कंबर खाली झुकतेय. कुल्ले आवळा, बेंबी आत ओढा. मोबाईल बाजूला उभा करून एक व्हिडिओ काढा, छाती खाली जाते की नुसती मान डुलते ते लगेच दिसेल. मनगट दुखलं तर मूठ वळून करा किंवा पुशअप बार (जमिनीवर ठेवून धरायच्या दांड्या) घ्या. दुखणं टोचणारं असेल किंवा दोन आठवड्यांत कमी झालं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधीच विचारून घ्यावं, आणि कोणीही श्वास कोंडू नये: खाली जाताना घ्या, वर येताना सोडा.

एक घरगुती सूचना. शहाबादी फरशीवर सोलापुरी चादर घडी करून हाताखाली घेऊ नका, जोर लावताच ती सरकते. गुडघ्यांखाली चालेल. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तळहात घामाने ओले होतात. तेव्हा पहाटेच उरका.

खाण्याचंही थोडं. शेंगा चटणीवर प्रथिनांचा हिशोब भागत नाही. मोठ्या चमच्यात जेमतेम तीन-चार ग्रॅम मिळतात. ताटात डाळ, उसळ, दही किंवा अंडी हवीतच.

पायरीपर्यंत जमतं, फरशीवर अडतं

इथे बरेच जण महिना महिना रेंगाळतात. यावर उपाय उलटा: वरच्या स्थितीतून सुरुवात करा, तीन ते पाच सेकंद लावून हळूहळू खाली या, छाती टेकली की गुडघे टेकवून वर जा. असे चार-पाचच, आठवड्यातून दोनदा. अंग चांगलंच ठणकतं. फरशीवरचा पहिला निघाला तरी ओटा-पायरीचे सेट लगेच बंद करू नका. फरशीवर एक-दोन काढायचे आणि उरलेले पायरीवर पूर्ण करायचे, पाच सलग निघेपर्यंत.