सायनस हटत नाही? या चुका टाळा

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर रोज कुणीतरी येतं, 'नाक मोकळं करायचे थेंब द्या, तेच नेहमीचे.' हे 'नेहमीचे' ऐकलं की मी बाटली काढतच नाही. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन ही औषधं नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून काही मिनिटांत बरं वाटतं. परिणाम ओसरला की त्या पुन्हा फुगतात, आणि रोज टाकत राहिलात तर आधीपेक्षा जास्त. तीन, फार तर पाच दिवस. पुढे नाही.

आमच्या भागातले एक रिक्षावाले काका ही बाटली खिशातच ठेवायचे. सिग्नल लागला की दोन थेंब. हळूहळू रात्री थेंबांशिवाय झोप लागेना. त्यांच्या मते सायनस वाढला होता. बळेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थेंब बंद झाले, स्टेरॉइडचा स्प्रे सुरू झाला. सुरुवातीला काका हैराण, येता-जाता थेंब मागायचे. मी दिले नाहीत. महिन्याभरात थेंबांशिवाय झोपायला लागले.

दुसरी चूक या स्प्रेचीच. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन चार दिवस मारायचा आणि 'फरक नाही' म्हणून कपाटात टाकायचा. अहो, सूज उतरायला काही आठवडे लागतात! मारायची पद्धतही चुकते. डोकं मागे टाकून जोरात ओढलं की औषध थेट घशात. मान किंचित खाली घ्या. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या. नोझलचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला की रक्त येतं आणि दोष औषधाला मिळतो. नव्या माणसाला मी हे करून दाखवल्याशिवाय सोडत नाही.

शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागू नका, साध्या व्हायरल सर्दीतही तो हिरवा होतो. घरात उरलेल्या गोळ्या तर नकोतच. जलनेतीला, म्हणजे पाण्याने नाक धुवायला, नळाचं पाणी वापरू नका. उकळून कोमट केलेलंच घ्या.

एकाच बाजूला दुखतंय, घाण वास येतोय? वरच्या दाढाही तपासून घ्या, त्यांची मुळं सायनसच्या तळाला लागून असतात.

त्रासाला 12 आठवडे झाले की दुर्बिणीने नाक तपासून घ्या. मधुमेहींनी मात्र इतकं थांबू नये. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, महाराष्ट्रात किती जणांचे डोळे नेले, ते आपण पाहिलंय. डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले किंवा तापात मान आखडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.